दहा पाट्या चिखल

आमच्या गावात हिरवा तिवर तोडणाऱ्याला एकच शिक्षा होती. बांधावर दहा पाट्या चिखल टाकायचा. तोडणारा पाटलाचा जावई असो नाहीतर खाडीपलीकडून आलेला पाहुणा असो, चिखल सगळ्यांना सारखाच. पैशाचा दंड कुणी घेत नसे. पैसे बांधाच्या भोकात घातले तर पाणी थांबतं का, असं म्हातारी माणसं विचारत.

गाव ठाकुर्लीच्या मागे, खाडीच्या कडेला. स्टेशनात उतरलं की वीजघराच्या चिमण्या पाठीशी ठेवून शेतांमधून पाऊण तास चालायचं. गावासमोर आमची भातशेती, तिच्यापलीकडे खाडी, आणि दोन्हींच्या मध्ये चिखलाचा पुरुषभर उंच बांध. बांधाच्या आत पावसाचं गोडं पाणी साठे आणि त्यावर तांबड्या तांदळाचं भात पिके. बांध फुटून खाडीचं पाणी एकदा आत आलं, की पुढचे दोन-तीन पावसाळे त्या जमिनीत धड गवतही उगवत नसे. म्हणून दर चैत्रात प्रत्येक घर आपल्या वाट्याचा बांध नव्या चिखलाने लिंपून काढी. बांधाच्या बाहेर तिवरांचं दाट रान होतं. भरतीला अर्धं बुडणारं, ओहोटीला काळ्या चिखलात उभं राहणारं. खाडीची लाट आधी त्या झाडांत शिरे, तिथेच दमे, आणि बांधापर्यंत पोचे तेव्हा तिच्यात काही जोर उरलेला नसे. ती खाजणाची, म्हणजे खाऱ्या दलदलीची, जमीन सरकारची होती. राखण मात्र गावाची.

मी सात वर्षांचा असताना विटीदांडूच्या दांडूसाठी एक हिरवी फांदी तोडली होती. वडिलांनी माझ्या हातातला दांडू पाहिला आणि विचारलं, "किती तोरलंस?"

"एकच फांदी."

"चल मंग."

दहा पाट्यांची शिक्षा मला झाली. भरलेली पाटी उचलत नव्हती म्हणून अर्धी अर्धी भरून न्यायची सवलत मिळाली. माझी आते, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, बांधावर पाय पसरून मोजायला बसली. ती नवापर्यंत आली, पुढचे आकडे येत नसल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाली, "माना नवाच्या फुरं येत नाय. परत एकपासना." मी रडत रडत किती पाट्या वाहिल्या कोण जाणे. दांडू मात्र तिने मला परत दिला. वाळल्यावर तो फार छान झाला होता.

त्याच गावाने मला शिकवलं. कल्याणच्या हायस्कुलात असताना आणि पुढे मुंबईच्या कॉलेजात असताना माझी परीक्षा नेमकी बांध लिंपण्याच्या दिवसांत येई. आमच्या घरात कामाचे हात दोनच होते, वडिलांचे आणि माझे. पण मी परीक्षेला गेलो की आमच्या वाट्याचा बांध परत येईपर्यंत लिंपून झालेला असे. कुणी लिंपला, ते कधी कुणी सांगितलं नाही. विचारलं तर शेजारी म्हणत, "आमचा चिखल उरला व्हता." चिखल कुणाचा उरत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मी बी.ए. झालो, गावातला पहिला. नाव मागे पडलं आणि लहानथोर सगळे मला 'बीए' म्हणू लागले. "बीए, बैल सुटलाय तुजा." "बीए, टपालात काय आलंय त्ये वाच." कल्याणला एका शाळेत मास्तरकी मिळाली होती. रोज जाऊन येऊन गावातच राहत होतो आणि गावाच्या उपयोगी पडण्याची संधी शोधत होतो.

ती लवकरच आली. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती, जिकडे तिकडे नवी घरं उठत होती, आणि घरांना विटा लागत होत्या. एक दिवस कचेरीतून बातमी आली, की कुणा वीटभट्टीवाल्याने आमच्या गावची तिवरं सरपणासाठी मागितली आहेत. संध्याकाळी देवळात सगळे जमले. चर्चा फार झालीच नाही. पाटील म्हणाले, "आपल्यात यवरा बीए हाय. तो लिवल अर्ज. आपुन क्याला भ्यायचा?"

अर्ज लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. आता सांगतो ते ऐकून कुणी हसलं तरी माझी हरकत नाही. आमच्याकडे तान्ह्या मुलाचं कुणी कौतुक केलं, की आई लगेच म्हणते, "कुठला हो, नुसता किडकिडा आहे, खातच नाही." का, तर दृष्ट लागू नये. मीही नेमकं तेच केलं. सरकारला तिवरांचा मोह पडू नये म्हणून मी तिवरांना नावं ठेवली. मी लिहिलं, की सदरहू खाजण हे चिखलमय, दुर्गंधीयुक्त व सर्वथैव निरुपयोगी असून त्यातील वृक्ष खुरटे व वेडेवाकडे आहेत. त्यापासून सरकारास काडीचाही लाभ संभवत नाही. सबब ते आहे तसेच राहू द्यावे, ही नम्र विनंती. हस्ताक्षर असं काढलं, की माझ्या मास्तरांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

देवळात अर्ज मोठ्याने वाचला. 'सर्वथैव' आलं तेव्हा दोघा-तिघांनी माना डोलावल्या. वाचून झाल्यावर आते म्हणाली, "वजनदार हाय. कचेरीत न्यायला बैलगारी लागल." सगळे हसले, मीही हसलो. अंगठे उठले, सह्या झाल्या, आणि मी स्वतः शाळा सुटल्यावर अर्ज देऊन आलो.

दीड महिन्याने कोतवाल चावडीवर कागद चिकटवून गेला. मला शाळेतून येताना वाटेतच धरून आणलं. मी चावडीच्या पायरीवर उभा राहून खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली, "ज्याअर्थी सदरहू खाजण व त्यातील वृक्ष निरुपयोगी असल्याचे ग्रामस्थांनी स्वतःच अर्जाद्वारे कळविले आहे..." इथे मी थांबून कागद डोळ्यांजवळ नेला. पुढचं कसंबसं वाचलं. त्याअर्थी सर्व तिवरं तोडण्याचा मक्ता जाहीर लिलावाने देण्यात येईल. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.

एका म्हाताऱ्याने, अगदी खरोखर समजून घ्यायचं म्हणून, विचारलं, "म्हंजे तोरा म्हनून आपुनच सांगतला?"

"हो," मी म्हणालो.

"आनि खाली अंगठा माजा हाय?"

"हो काका."

म्हाताऱ्याने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि तो धोतरात लपवला. त्याही स्थितीत दोघांना हसू फुटलं. मला मात्र जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

वडील तिथून उठून गेले होते. ते बांधावर असणार हे मला माहीत होतं. आमच्या भाताच्या चार खाचरांतली तीन बांधाला लागून होती. तिवरं गेली की पहिलं पाणी आमच्याकडेच येणार होतं, आणि आमच्या शेजारी ते लोक, ज्यांचा चिखल दरवर्षी 'उरत' असे. मी वडिलांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. ओहोटी होती. तिवरांच्या बुडाशी निवट्या, चिखलातले ते बोटभर मासे, उड्या मारत होत्या.

"बाबा, माझं चुकलं."

त्यांनी बांधावरचं एक सुटलेलं ढेकूळ पायाने दाबून बसवलं. मग म्हणाले, "अर्ज चांगला व्हता. माना त्यातला काय बी समाजला नाय, तवाच वळखला का चांगला हाय."

ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी आणखी मोठा अर्ज लिहायला घेतला. कोश उघडून बसलो होतो, तेवढ्यात आते दारात आली. तिच्या डोक्यावर ओल्या चिंबोऱ्यांची टोपली होती. ती खाली ठेवून ती माझ्या समोर फतकल मारून बसली.

"त्ये पुस्तक मीट," ती म्हणाली. "आता तू बोलू नको. मी बोलते, तू लिव."

"आते, कचेरीत असं बोलीभाषेत..."

"तुज्या भाषेनं काय केलान त्ये बगला आमी. लिव."

मी लिहू लागलो. तिने सुरुवात बांधापासून केली. तिवर लाटेला कसा अडवतो, कुठल्या वर्षी बांधाला कुठे खांड पडली, तिथे तिवर का नव्हता. मग म्हशींना तिवराचा पाला. वाळकं लाकूड चुलीला, हिरवं कधीच नाही. मग चिंबोरी, निवटी, कोळंबी, बोईट, एकेक नावानिशी. मुळांमध्ये कोळंबीची पिल्लं कशी वाढतात, हे ती सांगत होती तेव्हा मी लिहायचं थांबून नुसता ऐकत होतो. बी.ए.च्या सगळ्या पुस्तकांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि घरात सांगणारं माणूस होतं तर मी कधी विचारलं नव्हतं.

"वाच आता," ती म्हणाली.

मी वाचलं. मध्येच तिने हात वर केला. "मी चिंबोरी बोलली. तू खेकरा क्याला लिवलास?"

"साहेबांना कळावं म्हणून."

"नाय कलला त इचारल. इचारायला तरी येल."

मी खेकडा खोडून चिंबोरी लिहिलं. अर्जात खाडाखोड करायची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. मग तिने शेवटचं वाक्य सांगितलं, आणि माझा टाक हातातच राहिला.

"साहेबाला लिव, अमुशेला ये. दुपारी जेवनाच्या टायमाला ये. बांधावर उभा रव्ह. मंग तुज्या मनाला वाटल त्ये कर."

"आते, साहेबाला 'ये' असं लिहू? आणि वेळही आपणच सांगायची?"

"भरती काय साहेबाची वाट बघत रव्हनार हाय?"

'ये'च्या जागी 'यावे' लिहू देण्याइतकी ती नमली. बाकी सगळं तसंच गेलं. अर्ज देताना कारकुनाने वरून खाली वाचला, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही मास्तर ना?" मी मान खाली घालून होय म्हणालो.

साहेब आले. अमावास्येलाच आले, आणि साडेबाराच्या सुमारास. पुण्याकडचे, उंच, पांढरी पँट, काळी छत्री, सोबत तो चष्मेवाला कारकून. मागाहून मला कारकुनाने सांगितलं, की मुहूर्त कळवणारा अर्ज साहेबांनी आयुष्यात पाहिला नव्हता. म्हणून ते कामं बाजूला ठेवून निघाले होते.

बांधावर सारं गाव उभं होतं. साहेबांनी पहिला प्रश्न केला, "अर्ज कोणी लिहिला?"

"कुठला साहेब, पहिला की दुसरा?" मी विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही मीच."

"अहो मास्तर, पहिल्यात आपण म्हणता की खाजण सर्वथैव निरुपयोगी. दुसऱ्यात बोईट माशापर्यंत उपयोग मोजलेत. आपण खरं केव्हा बोलता?"

मी तोंड उघडायच्या आत आते पुढे आली. "साहेब, पयला अर्ज त्याचा, दुसरा माजा. त्यानं पोरासारी दिष्ट काढली तिवराची. शिकला हाय, पन अजून पोर हाय."

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "दृष्ट काढली? कचेरीची दृष्ट लागते काय?"

"लागली ना," आते म्हणाली, "म्हून त तुमी आलाव."

मग ती त्यांना बांधावरून घेऊन चालू लागली. भरती चढत होती. जिथे तिवरं दाट होती तिथे खाडीचं पाणी झाडांतून हळूहळू वर येत होतं आणि बांधाच्या पायाशी गप्प उभं राहत होतं. साहेब बघत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर विशेष काही दिसत नव्हतं. पाणी वर येतं, त्यात काय, असं त्यांना वाटत असावं. आते पुढे चालत राहिली. गावची होडी लागते तिथे आम्ही पोचलो. होडीला वाट हवी म्हणून तिथली तिवरं वाडवडिलांच्या वेळीच काढलेली होती. वीस-पंचवीस पावलांची मोकळी जागा. तेच पाणी, तीच भरती, वाराही तोच. पण इथे लाट सरळ येत होती आणि बांधावर थपडा मारत होती. प्रत्येक थपडेला ढेकळं सुटून पाण्यात पडत होती. पंधरवड्यापूर्वी लिंपलेला चिखल अर्धा खाल्ला गेला होता.

साहेबांनी छत्री मिटून तिचं टोक बांधात खुपसलं. छत्री मुठीपर्यंत आत गेली. मग ते उलटे चालत दाट तिवरांपाशी गेले आणि तिथे खुपसून पाहिली. चार बोटं गेली आणि थांबली. ते परत मोकळ्या जागेशी आले. तेवढ्यात एक मोठी लाट फुटली आणि त्यांच्या पांढऱ्या पँटवर गुडघ्यापर्यंत चिखल उडाला.

कारकून रुमाल काढून धावला. साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. त्यांनी वडिलांना विचारलं, "ही जागा किती वेळा दुरुस्त करता?"

"दर उधानाला," वडील म्हणाले. "महिन्यातना दोनदा."

"आणि बाकीचा बांध?"

"वर्षातना एकदा."

साहेबांनी वहीत लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही. मग त्यांनी आपणहून विचारलं, "चिंबोरी म्हणजे काय?" आतेने टोपलीवरचं फडकं काढून एक भलीमोठी, नांग्या बांधलेली चिंबोरी त्यांच्यापुढे धरली. साहेब दोन पावलं मागे सरले. ते शाकाहारी होते. आतेला त्यांची फार दया आली. तिने तांदळाची भाकरी आणि गूळ आणवला, आणि साहेब बांधावरच, चिखलाच्या पँटसह, उकिडवे बसून जेवले. जाताना ते कुणालाही काही वचन देऊन गेले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "मास्तर, यापुढे अर्ज लिहिताना शेजारी ह्यांना बसवत जा."

तीन आठवडे आम्ही वाट पाहिली. मग कोतवाल नवा कागद घेऊन आला. ह्या वेळी मी आधी मनात वाचला आणि मग मोठ्याने. लिलाव रद्द. सदरहू तिवरे बांधाच्या रक्षणार्थ आवश्यक असल्याने ती कोणीही तोडू नयेत. कोणीही, आणि त्याखाली रेघ. वडिलांनी मला तो शब्द तीनदा वाचायला लावला. अंगठा लपवणारे काका म्हणाले, "आता अंगठा कुठं लावायचा त्ये सांग." संध्याकाळी घराघरांतून कोळंबीचा वास येत होता.

मी सुखात जेवायला निघालो होतो, तेवढ्यात आतेने हाक मारली.

"बीए, तुजा हिशोब रव्हलाय."

"कसला?"

"तिवर तोरायचा."

"आते, मी एक पानसुद्धा तोडलं नाही."

"कागदावर सगलं रान तोरलास की. आमचा नशीब चांगला म्हून उभा रव्हला." ती पाटलांकडे वळली. "काय वो पाटील, गावचा नेम काय हाय?"

पाटलांनी फार गंभीर चेहरा केला. "दहा पाट्या. झार एक असो, का रान."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी ओहोटीला मी कल्याणहून घेतलेली नवी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून होडीच्या जागेशी हजर झालो. साहेबांची छत्री गेली होती तिथे लाटांनी पुन्हा मोठं भोक पाडलं होतं. मी त्याच्यापासूनच सुरुवात केली. बायका येता-जाता थांबत होत्या. "बीए, चिखलाची परीक्षा कंची रं ही? पास व्हशील ना?" आते बांधावर पाय पसरून मोजत होती. सात, आठ, नऊ.

"माना नवाच्या फुरं येत नाय," ती म्हणाली.

"आते, आता मला येतं. मी मोजतो."

"तुज्या मोजन्यावर इस्वास नाय. परत एकपासना."

मी पाटी उचलली. वळून पाहिलं तर वडील खाडीत उतरले होते आणि एक पाटी भरत होते. त्यांच्या मागे काका. त्यांच्यामागे शेजारची दोन घरं. शिक्षा माझी होती हे मी त्यांना सांगितलं, तर वडील म्हणाले, "आमचा चिखल उरलाय."

दुपारपर्यंत होडीच्या जागेचा तेवढा बांध हातभर जास्त जाड झाला. पुढे मी ठाण्यात वर्तकनगरला राहायला गेलो, तरी चैत्रात एक रविवार ह्या बांधासाठी राखून ठेवतो. आते असेपर्यंत ती मोजायला बसत असे. तिने मला दहाचा आकडा कधीच ऐकू दिला नाही.